कुंतीची जन्मठेप

रोह्यात झाड लावावं लागत नाही, आवरावं लागतं. जूनमध्ये आभाळ एकदा फाटलं की सप्टेंबरअखेरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी डोक्यावर ओततं, आणि त्या पाण्यावर कुठे काय उगवेल याचा नेम नसतो. कौलांवर शेवाळ, शेवाळावर गवत, पन्हळीत पिंपळ, टाकीच्या मागे उंबर. कुंपण म्हणून रोवलेले शेवग्याचे आणि पांगाऱ्याचे खुंटसुद्धा पावसाची चाहूल लागताच पानं काढतात आणि श्रावणापर्यंत कुंपण कुठे आहे ते शोधावं लागतं. घाटावरचे पाहुणे आले की 'किती हिरवंगार हो तुमच्याकडे!' म्हणतात. त्यांना हातात कोयता घ्यावा लागत नाही म्हणून हे काव्य सुचतं. आमच्या घरी पावसाळ्यात छत्री आणि कोयता एकाच खुंटीला टांगलेले असतात.

अशा गावात मी बोन्साय करायला घेतलं तेव्हा लोक हसले, यात लोकांची चूक नाही. झाड वाढू नये म्हणून जिथे माणसं वर्षातले चार महिने घाम गाळतात, तिथे तेच काम हौसेनं आणि वर पदरचे पैसे घालून करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

पण मला विचाराल तर ही कला रोह्याला मुळीच नवी नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती इथे चालू आहे, फक्त कलाकारांनी तिची प्रदर्शनं भरवली नाहीत. पहिला मान शेळ्यांचा. अवचितगडाच्या पायथ्याशी उतारावर करवंदीच्या जाळ्या बघा. शेळी येते, शेंडा खाते. शेंडा गेला की खालचे डोळे फुटतात, एकाच्या जागी दोन फांद्या येतात. शेळी पुन्हा येते, दोन्ही शेंडे खाते. वर्षानुवर्षं हे चाललं की खोड जाड होतं, फांद्यांची दाटी होते आणि उंची माणसाच्या गुडघ्याच्या वर काही जात नाही. मोठ्या शहरांत हेच शिकवायला फी घेतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. शेळीला फक्त चारा मिळतो. दुसरा मान भिंतीच्या भेगांचा. जुन्या चिरेबंदी भिंतीत पक्ष्यांनी टाकलेली वडाची बी रुजते, माती चिमूटभर, मुळांना हलायला जागा नाही. झाड वीतभर राहतं आणि दिसतं मात्र आजोबांच्या वयाचं. तिसरे कलाकार पावसाळ्याच्या तोंडावर शिडी घेऊन येतात आणि विजेच्या तारांखालची झाडं छाटून जातात. त्यांची शैली जपानी पुस्तकांत सापडत नाही. झाडाची एक बाजू संपूर्ण ठेवायची आणि दुसरी नाहीशी करायची, हा रोह्याचाच शोध असावा.

आता आमच्या कुंतीकडे येतो. ती फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला होती. आजीनं लावलेली. कधी, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, पण माझ्या मुंजीच्या फोटोत ती आहे आणि तेव्हाही ती माझ्यापेक्षा उंच आहे. काही लोक तिला कामिनी म्हणतात. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुळातली. पान बारीक आणि गर्द, खोड पिवळट, पन्हळी पडलेलं, लाकूड कणखर. स्वभावानं ती लहरी. एरवी महिना महिना गप्प बसेल आणि मग एखादी दमदार सर पडून गेली की थोड्याच दिवसांत सगळं झुडूप एका रात्रीत पांढरं करून ठेवेल. वास गल्लीच्या टोकापर्यंत. त्या संध्याकाळी आमच्या घरावरून जाणारा प्रत्येक माणूस क्षणभर थांबून 'काय, अत्तर सांडलं का?' असं विचारतो, आणि हा विनोद आपल्यालाच सुचला असं प्रत्येकाला वाटतं. एकदोन दिवसांत पाकळ्यांचा सडा पडतो आणि खेळ खलास.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या जिल्ह्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, आमच्याकडे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब वाकले, आंबे मुळासकट उताणे पडले. कुंती फक्त कलली. आईनं दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याची पट्टी काढून तिला फाटकाच्या खांबाशी बांधलं. पुढे पट्टी कुजून गेली तरी कुंतीनं तो कल सोडला नाही. ती तशीच तिरपी वाढत राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या शर्टाचं बटण धरून चौकशी करत राहिली.

मग दादानं गाडी घेतली.

दादा डोंबिवलीला असतो आणि गणपतीला सहकुटुंब येतो. तोपर्यंत तो दिवा-रोहा गाडीनं यायचा आणि प्रवासभर कुणाच्या तरी पिशवीवर बसायचा. आता स्वतःची गाडी म्हटल्यावर ती अंगणात उभी राहिली पाहिजे, आणि अंगणाच्या वाटेवर कुंती. सुनावणी फोनवरच झाली.

"तोडून टाक," दादा म्हणाला. "चार दिवस चुकल्यासारखं वाटेल. मग सवय होते."

"आजीनं लावलेली आहे रे."

"आजीनं भिंतही बांधलेली होती. ती आपण पाडलीच ना?"

बायकोनं पालापाचोळ्याच्या मुद्द्यावर दादाच्या बाजूनं साक्ष दिली. रोज झाडणारीला कवितेत रस नसतो. आई तटस्थ राहिली, म्हणजे ती कुणाशीच बोलेनाशी झाली. निकाल स्पष्ट होता. अशा वेळी पुण्याहून भाच्याचा फोन आला.

हा भाचा बोन्सायच्या वर्गाला जातो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे एका वर्षी त्यानं टेबलावर मांडलेला वड बघितला आणि तेव्हापासून तो माणसात राहिला नाही. त्यानं व्हिडिओ कॉलवर कुंतीला चारही बाजूंनी बघितलं. मला वाकून बुंधा दाखवायला लावला. बुंध्याजवळची माती बोटांनी उकरायला लावली. मातीखाली मुळांचा पसारा दिसला तशी पलीकडून किंकाळी आली.

"मामा! तोडू नकोस! एवढं जाड खोड यायला कुंडीत पन्नास वर्षं लागली असती. आणि हा कल! लोक तारा बांधून बांधून असा कल आणतात!"

वाऱ्यानं झोडपलेल्या झाडाची म्हणून बोन्सायमध्ये एक मान्यवर शैली आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या हिशेबानं २०२० नंतर आमचा अख्खा तालुकाच प्रदर्शनात मांडण्याजोगा झाला होता.

मी दयेचा अर्ज केला. कुंती फाटकातून हलेल, पण मरणार नाही. ती ताटात राहील. फाशीची जन्मठेप झाली. दादाला जागा मोकळी होण्याशी मतलब होता. बायको एवढंच म्हणाली, "अहो, पाणी मी घालणार नाही." हे वाक्य पुढे घरात घटनेच्या कलमाइतक्या वेळा उद्धृत झालं.

जुनं झुडूप एका दिवशी उपटून कुंडीत बसवता येत नाही. त्याची मुळं वर्षानुवर्षं लांब गेलेली असतात आणि अन्न खेचणारी बारीक तंतुमुळं खोडापासून दूर, टोकाला असतात. सरळ खणून काढलं तर हातात येतो तो नुसता ओंडका. म्हणून आधी माघाच्या थंडीत बुंध्याभोवती अर्ध्या वर्तुळाचा चर खणायचा, त्या बाजूची जाड मुळं कापायची, चरात वाळू आणि पालाखत भरायचं. कापलेल्या टोकांना नवी बारीक मुळं फुटतात. ती फुटली की राहिलेला अर्धा चर. मग पाऊस लागला, हवेत दमटपणा आला, की झाड उचलायचं. हे ऐकायला सोपं आहे. खणणाऱ्याला पटवायला अवघड.

खणायला आलेला गडी आयुष्यभर झाडं पाडत आलेला. त्यानं पहार उचलली, कुंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम हाय."

मी सांगितलं, अर्धंच खणायचं. अलगद. मुळं कोयत्यानं तोडायची नाहीत, करवतीनं कापायची.

"आनि बाकीचं?"

"बाकीचं दोन महिन्यांनी."

त्यानं पहार खाली ठेवली. "शेट, झाड काढायचाय का बाळंतपन करायचाय?"

पण माणूस जातीचा कसबी. एकदा डोक्यात बसल्यावर त्यानं जे हळुवार काम केलं ते पुण्याच्या वर्गातही कुणाला जमलं नसतं. सोटमूळ कुठे आहे ते त्यानं पहारीच्या आवाजावरून सांगितलं.

तोपर्यंत मी मातीच्या मागे लागलो होतो. आमची तांबडी माती पावसात चिकट होते आणि पाणी धरून ठेवते. त्यात कुंडीतली मुळं कुजतात. भाच्यानं सांगितलं, विटांचे बारीक तुकडे चाळून घे, जाडी वाळू घे, कुजलेलं पालाखत घे. हल्ली घमेलंभर वाळू मागणाऱ्या माणसाकडेही लोक तलाठ्याच्या नजरेनं बघतात, तो भाग सोडा. विटांचं चाळणं हे खरं नाटक. ओट्यावर बसून हातोडीनं विटा फोडायच्या, मोठा तुकडा बाजूला, मधला ठेवायचा, पीठ झालेलं फेकायचं.

"अहो, ती रव्याची चाळण आहे."

"धुऊन देतो."

"देऊ नका. नवीन आणा."

नवीन आणली. तीही मीच विटांना घेतली, कारण तिची भोकं जास्त बरोबर होती.

कुंडीसाठी पेणला गेलो. आमच्या जिल्ह्यात मातीचं काम म्हणजे पेण. तिथे वर्षभर गणपती घडत असतात, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात एकदा बघितला की आपण आपले हात खिशात घालून उभे राहतो. तिथल्याच एका भांडी विकणाऱ्याला मी माझी गरज सांगितली. रुंद पाहिजे, उथळ पाहिजे, खाली भोकं पाहिजेत.

"कुंडीच घ्या ना."

"कुंडी खोल असते."

"मग उथळात झाड जगंल का?"

"तेच तर करायचं आहे."

त्यानं मला पाणी प्यायला दिलं. उन्हातून आलेल्या माणसाशी पेणकर फार चांगले वागतात.

पुढे भाच्यानंच सांगितलं की पहिली दोन वर्षं उथळ ताट नकोच. आधी लाकडी पेटीत मुळं जमू द्यायची. पेटी कोकणात विकत घ्यावी लागत नाही. हापूसच्या दोन पेट्यांच्या फळ्या जोडून एक मोठी केली. मिरगाच्या पावसात कुंती बाहेर आली. वरून गुडघ्याइतकी ठेवून बाकी सगळी करवतीनं उतरवलेली, पान एक नाही. मुळं नीट पसरून पेटीत बसवली, वारा लागून हलू नये म्हणून तारेनं पेटीशी आवळली, आणि छाटलेल्या जागांना मोरचूद नि चुन्याची बोर्डो पेस्ट फासली. सुपारीवाल्यांच्या घरात ती असतेच. संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांना हापूसची पेटी दिसली, त्यांनी आनंदानं आत बघितलं, आणि निळं थोटूक बघून त्या एक शब्द न बोलता परत गेल्या.

त्यानंतरचे आठवडे मी सांत्वनं स्वीकारण्यात घालवले. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, प्रत्येक जण पेटीजवळ थांबे. "गेलं का?" मी म्हणे, "झोपलंय." भाच्याची सक्त ताकीद होती: उन्हात ठेवायचं नाही, खत घालायचं नाही, मुळं धरली का ते उकरून बघायचं नाही. या तिसऱ्या आज्ञेनं बागकामातली अर्धी पापं रोखून धरलेली आहेत. मग एका पावसाळी सकाळी खोडावर हिरवे ठिपके आले. पुढच्या आठवड्यात ते एवढे झाले की थोटूक दिसेना. खोड तर फुटलंच, पण जिथे भाच्याला फांदी नको होती नेमक्या तिथे जास्त फुटलं.

आता निवड. हा कोंब राहील, हा जाईल. एकाच उंचीवर समोरासमोर दोन नकोत, पुढून डोळ्यात घुसणारी नको, आतल्या बाजूला वळणारी नको. मी चिमटीनं कोंब खुडायला बसलो आणि आई माजघरातून बाहेर आली.

"मेलं म्हणून रडत होतास. आता जगलंय तर खुडतोस?"

"आई, त्याला आकार द्यायचाय."

"तुला दिला होता आम्ही. काय उपयोग झाला?"

तारेचा प्रकार त्याहून वरचा. ॲल्युमिनियमची तार, जाडी फांदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, पंचेचाळीस अंशात गुंडाळायची आणि मग फांदी हव्या त्या बाजूला हळूच वाकवायची. घाटावर ही तार बराच काळ ठेवता येते म्हणे. आमच्या पावसात फांदी इतकी झपाट्यानं फुगते की तार महिन्याभरात सालीत रुतते. मग ती उलगडायची नाही, कापून काढायची, आणि पुन्हा नवीन. समोरच्या नानांनी हे बघितलं. नाना स्वाध्यायी. पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यातच जन्मले, तेव्हा आमच्याकडे स्वाध्याय हा गावकीचा विषय आहे. शास्त्रीबुवांनी झाडात देव बघायला सांगितलं, वृक्षमंदिरं उभी केली. नाना फाटकाशी उभं राहून म्हणाले, "आम्ही झाडाला नमस्कार करतो. तू त्याला बेड्या घालतोस."

मी त्यांना कुंडलिका दाखवली. आमची ही नदी उन्हाळ्यातही वाहते याचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं. ते पाणी मुळशीचं. सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला पडलेला पाऊस मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला निघालेला होता. त्याला धरणात अडवलं, घाटावरून नळांनी भिऱ्याला उतरवलं, १९२७ पासून त्यावर वीज केली आणि अरबी समुद्राच्या वाटेला लावलं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी पाणी वळलंच. भिऱ्याहून पाणी सुटलं की कोलाडला मुंबईचे पर्यटक शिट्ट्या घालून रबरी होड्यांत बसतात. नदीला वेळापत्रक आहे. एका अख्ख्या नदीला असं वाकवलेलं असताना माझ्या अडीच मिलिमीटर तारेनं कुणाचा धर्म बुडतो?

नाना म्हणाले, "नदीला विचारलं होतं का?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्यांना चहा विचारला.

दुसरा आक्षेप गावाच्या पात्रतेवरचा. 'हे जपानी थेर आहेत, रोहेकराचं काम नव्हे.' यावर माझं एकच उत्तर असतं: चिंतामणराव देशमुख. घराणं रोह्याचं, जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळ नाते गावी. हे गृहस्थ केंब्रिजला गेले आणि तिथे वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावून आले. पुढे आयसीएसला पहिले आले, आणि इतक्या शहाण्या वनस्पतिशास्त्र्याला सरकारनं १९४३ साली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराच्या खुर्चीत बसवलं. तिथला पहिला भारतीय माणूस. युद्धाच्या त्या दिवसांत महागाईनं फांद्या फोडल्या होत्या. वाढ आवरण्याचं शिक्षण असलेला माणूस कामी आला, असं मी मानतो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हे मान्य नाही. त्यांच्यापैकी कुणी कुंती छाटलेली नाही.

दुसऱ्या वर्षी संकट आलं ते अळ्यांचं. लिंबाच्या कुळात जन्म घेतला की लिंबावरची फुलपाखरं पाहुणी येणारच. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या शिटेचं सोंग घेऊन पानावर पडून राहते, मोठी झाली की हिरवी होते, आणि खाणं दोन्ही वेषांत चालू असतं. मी हिरव्या अळीला चिमटा लावला तेवढ्यात भाचा फोनवर ओरडला, "थांब मामा! नीलवंत असेल तर?"

नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. आपल्या अंगणात, आपल्या हातून, राज्याच्या मानचिन्हावर चिमटा चालवणं मला योग्य वाटेना. अळी ओळखायला मी फोटो पाठवले. भाच्यानं ते कुणाला पाठवले, त्यांनी आणखी कुणाला. तिकडे मतभेद चालू असताना इकडे कुंतीवर एक पान उरलं नाही. घरात मी तोंड लपवत फिरू लागलो. तेव्हा भाच्यानं शांतपणे सांगितलं की काही निरोगी बोन्सायची सगळी पानं मुद्दाम काढतात. नवी येतात ती आकारानं लहान येतात आणि झाड प्रमाणात दिसतं. लोक हे काम कात्रीनं दिवसभर बसून करतात. आमच्याकडे राज्य सरकारच्या मानकऱ्यांनी, कदाचित त्यांच्या चुलतभावांनी, ते फुकट केलं. नवी पानं खरोखरच नखाएवढी आली. अळ्या कुठल्या होत्या याचा निर्णय अजून लागायचा आहे.

या सगळ्या काळात आईचा विरोध मावळावा म्हणून मी तिला यामाकींच्या पाइनची गोष्ट सांगितली. जपानात हिरोशिमाला यामाकी नावाचं एक घराणं. त्यांच्याकडे एक पाइन, साधारण १६२५ पासून कुंडीत.

"म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पाच वर्षं आधी," मी म्हटलं.

आईनं निवडायची भाजी बाजूला ठेवली.

१९४५ साली शहरावर अणुबाँब पडला तेव्हा तो त्यांच्या अंगणात भिंतीआड होता. स्फोट तीन-सव्वातीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या, झाड वाचलं. १९७६ साली मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट म्हणून दिलं, ज्या देशानं बाँब टाकला त्यालाच, आणि ही कथा सांगितलीसुद्धा नाही. २००१ साली नातवंडं झाड बघायला वॉशिंग्टनला गेली तेव्हा तिथल्या लोकांना ती कळली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "साडेतीनशे वर्षं पाणी कुणी घातलं?"

"घरच्या माणसांनी. पिढ्यान्‌पिढ्या."

"सुनांनी म्हण."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बायको बाहेर आली आणि आईशेजारी बसली. आमच्या घरात तसं दृश्य वारंवार दिसत नाही. तेव्हापासून पाणी मी आणि फक्त मी घालतो, उन्हाळ्यात दोन वेळा, आणि त्यामुळे मला कुठल्याही लग्नाला मुक्कामी जाता येत नाही. हा बोन्सायचा फायदा पुस्तकांत दिलेला नाही.

आता कुंती पेटीतून ताटात आली आहे. फाटकाजवळ जांभ्याच्या चिऱ्यांच्या ओट्यावर ती असते, वादळाचा कल तसाच राखून. दसऱ्यानंतर ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. महाराजांना पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते आणि मग पालखी गावभर फिरते. त्या रात्री सगळं रोहं रस्त्यावर असतं. आमच्या फाटकाशी गर्दी थबकली की कुंतीची परीक्षा होते. एकजण म्हणाला, प्लॅस्टिकची आहे. दुसऱ्यानं पान तोडून खातरजमा केली. एका चिमुरडीनं विचारलं, "हे मोठं कधी होणार?"

"होणार नाही, बाळा."

"आजारी आहे?"

तिच्या आजीनं मला सहानुभूतीनं हात जोडले.

बोन्सायचं पान लहान होतं, फूल लहान होत नाही. हे मी वाचलं होतं, पण श्रावणातल्या एका जोराच्या सरीनंतर हातभर उंचीच्या त्या झाडावर पुरी मापाची फुलं आली तेव्हा खरं वाटलं. वासही पुरा, गल्लीच्या टोकापर्यंत. आईनं परडी आणली, ओट्यापाशी उभी राहिली आणि किती फुलं घेतली तर चालतील, असं मला विचारलं. आयुष्यात प्रथमच तिनं माझ्या परवानगीनं काही केलं.

राहता राहिला गाडीचा प्रश्न. दादा त्या पहिल्याच गणपतीला आला. कुंती हललेली होती, अंगण मोकळं, माती चोपून सपाट केलेली. दादानं गाडी वळवली, फाटकाशी आणली, पुढेमागे केली, उतरला, पुन्हा बसला. गाडी फाटकाच्या दोन खांबांमधून आत येत नव्हती. कुंती असती काय, नसती काय. आरशाइतका फरक होता. तेव्हापासून दादा दरवर्षी गाडी लांब मोकळ्या जागेत लावतो आणि मखराचं सामान डोक्यावर घेऊन चालत येतो.

मोकळ्या झालेल्या जागी पुढच्या पावसात कुंतीचीच रोपं उगवली. वर्षानुवर्षं लाल फळं तिथे गळत होती. माती उकरली गेल्यावर त्यांना तोंड फुटलं. बायको उपटायला गेली तर आईनं तिला अडवलं. त्यातलं एक आता माझ्या कमरेला लागतं.

तेव्हा ज्यांच्या अंगणात जुनी कुंती, अनंत, बोगनवेल असेल आणि तिच्यावर कोयता पडायची भाषा सुरू झाली असेल, त्यांनी घाई करू नये. चर माघात घ्या, झाड मिरगात उचला, विटा चाळायला स्वतंत्र चाळण ठेवा. पहार आणि ती वापरणारा गडी, दोन्हींचा पत्ता माझ्याकडे आहे. पण सगळ्यांत आधी टेप घ्या आणि फाटक मोजा.